गोव्यात हॉटेलांतलं तळणीचं तेल गोळा करून त्यावर जीप चालवता येईल का?

प्रश्नकर्त्याने लिहिलंय की कळंगुटला त्याच्या मावसभावाचे दोन शॅक (किनाऱ्यावरची हंगामी हॉटेलं) आहेत, तळणीचं उरलेलं तेल फुकट मिळेल आणि घरी जुनी डिझेल जीप आहे. तेल गाळून थेट टाकीत ओतावं की घरीच बायोडिझेल करावं, हा त्याचा प्रश्न.

थेट ओतू नका. जीप सुरू होईल, धावेल, मागून भज्यांचा वास येईल, आणि पहिले काही दिवस तुम्हाला वाटेल की हा फोंड्याचा माणूस उगाच घाबरवतोय. खाद्यतेल डिझेलपेक्षा साधारण दहापट दाट असतं. इंजेक्टरमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, थेंब उडतात. ते अर्धवट जळतात, नोझलवर काजळी धरते, आणि न जळलेलं तेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. मग एक दिवस डिपस्टिक काढावी तर तिला ऑइलऐवजी खळ चिकटलेली.

यावर दोन टाक्यांचा उपाय आहे. गाडी डिझेलवर सुरू करायची, रेडिएटरच्या गरम पाण्याने दुसऱ्या टाकीतलं तेल सत्तरेक अंशांपर्यंत तापवायचं, मग कॉक फिरवायचा, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर यायचं. जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनात हे जमतं, कॉमन रेलच्या (खूप जास्त दाबाने इंधन फवारणाऱ्या नव्या इंजिनाच्या) गाडीत अजिबात करू नका. पण तुमचं जाणं-येणं कळंगुट ते म्हापसा. तेल तापेपर्यंत म्हापशाचा बाजार येतो, म्हणजे सगळा रस्ता डिझेलवरच झाला. ही युक्ती लांब पल्ल्याच्या गाड्यांची.

या विषयावर बोलायला बसलं की कोणीतरी सांगतंच, १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. खरं आहे. पण त्या तेलात कोणी बांगडे तळले नव्हते.

राहिलं बायोडिझेल. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा (किंवा कॉस्टिक पोटॅश) घालून साठेक अंशांवर घुसळायचं. तेलाचा रेणू तुटतो, वर पातळ इंधन येतं, खाली तपकिरी ग्लिसरीन बसतं. शंभर लिटर तेलाला वीसेक लिटर मिथेनॉल लागतं. ताज्या तेलाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम कॉस्टिक पुरतो. वापरलेल्या तेलात सुटं आम्ल वाढलेलं असतं, म्हणून किती जास्त घालायचं ते आधी मोजून घ्यावं लागतं. मोजताना रंग बदलणारं द्रावण नसेल तर हळद चालते. हळदीला चुना लागला की कुंकू होतं ना, तीच गंमत.

मीही हे केलंय, म्हणून सांगतो. माझा पहिला घाणा जुलैमधला. परसात पत्र्याखाली पिंप, ओळखीच्या हॉटेलातून आणलेले चार डबे आणि अंगात नको तेवढा उत्साह. सगळं मापून घातलं, घुसळलं, रात्रभर ठेवलं. सकाळी वर इंधन नाही, खाली ग्लिसरीन नाही, पिंपभर पिवळसर खरवस. तेलात पाणी होतं. पाणी आणि सुटं आम्ल असलं की कॉस्टिक इंधन करायचं सोडून साबण करत बसतो. पुढचे कितीतरी दिवस आई त्याने मोरी घासत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती.

आणि मिथेनॉलला हलक्यात घेऊ नका. वाफ छातीत जाते, पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, आणि पेटलं तर दिवसाउजेडी ज्योत दिसतसुद्धा नाही. जिथे लहान मुलं आहेत त्या घरात मी आज हा उद्योग केला नसता. खालचं ग्लिसरीनही मिथेनॉल धरून असतं. ते माडाच्या मुळाशी ओतायचा मोह होतो, पण आपल्या जांभ्यातून ते विहिरीत उतरायला वेळ लागत नाही.

गेली काही वर्षं मी बायोडिझेल करत नाही. पिकअप घेऊन फोंडा, पणजी, म्हापसा करत तेल गोळा करतो आणि परवाना असलेल्या कंपनीला देतो. या फिरण्यात जे कळलं ते त्या पिंपाने शिकवलं नव्हतं. सगळा खेळ स्वयंपाकघरात ठरतो. गाडीची पाळी फार नंतर येते.

पहिलं म्हणजे शॅकमध्ये तेल उरतं किती? रवा फ्राय इसवण तव्यावर होते, चमचा-दोन चमचे तेलात. ते तेल माशाबरोबर ताटात जातं. उरतं ते चिप्स आणि कलामारी तळणाऱ्या कढईतलं. फरसाणवाल्याकडेही मी आशेने गेलो होतो, पण तिथे माल इतका निघतो की रोज तेल भरतच राहावं लागतं, टाकायला काही उरत नाही. खरं तेल मिळतं ते मोठ्या फ्रायरवाल्यांकडे, म्हणजे चिकन तळणारे, मोठी रिसॉर्ट, कॅन्टीन.

दुसरं, तेलाचा मालक शेट नसतो, कुक असतो. पुष्कळ ठिकाणी जुन्या तेलाचे पैसे हा किचनच्या पोरांचा चहापाणी असतो आणि शेटला त्याचा पत्ताही नसतो. मी सुरुवातीला शहाणपणा करून एका शेटशी थेट भाव ठरवला. त्याने मान डोलावली, 'घेऊन जा' म्हणाला. पुढच्या खेपेला डब्यात वर चार बोटं तेल आणि खाली बर्फाच्या मासळीचं पाणी. कुककडे बघितलं तर तो शांतपणे म्हणाला, "शेट को पूछो." तेव्हापासून मी आधी मागच्या दाराने जातो, हात धुतो, कुकबरोबर चहा घेतो. त्यामुळे मावसभाऊ हो म्हणाला म्हणजे तेल मिळालं असं समजू नका.

आणि डब्यात काय काय निघेल याची यादीच नको. रवा, मिरच्यांचे देठ, मीठ (मासळीच्या मसाल्यातलं सगळं मीठ तळाला बसतं), कधी टिशू पेपर. एकदा काळंभोर, चिकट काहीतरी निघालं. वास घेतला तर जनरेटरचं ऑइल! पोराला 'जळकं तेल डब्यात टाक' असं सांगितलेलं, त्याने दोन्ही जळकी तेलं एकत्र केली. चूक त्याची नाही, शब्दाची. पण तो अख्खा डबा वाया गेला, कारण त्यातून बायोडिझेल होत नाही आणि पुढच्या पिंपात पडला तर तेही नासतं.

हिशेबही बघा. पंधरा किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास तेल मावतं. गाळ आणि पाणी गेलं की हातात त्याहून बरंच कमी राहतं. लिटरमागे बायोडिझेलची ताकद डिझेलपेक्षा जराशी कमीच. शॅक जून ते सप्टेंबर बंद. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. ती उठते न उठते तोच श्रावण, मग चतुर्थी. निम्म्या गोव्याच्या ताटातून मासळी गेलेली असते. उलट नाताळ ते नवीन वर्ष डबे ठेवायला जागा नसते. म्हणजे जीपला डिसेंबरात बदाबदा जेवण आणि पावसात उपास. आपल्याकडे थंडी नाही ही एक जमेची बाजू. पामतेलाचं बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपास गढूळ होऊ लागतं, उत्तरेत त्याने हिवाळ्यात फिल्टर तुंबतो, गोव्यात पारा तिथवर सहसा उतरत नाही. आपला शत्रू दमटपणा.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी खराब द्रव्यं) २५ टक्क्यांवर गेली की ते पुन्हा खाण्यात वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्याने मार्च २०१९ पासून नोंद ठेवायची आणि उरलेलं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं. त्यासाठी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) 'रुको' नावाची योजना आहे. तुमचे शॅक ५० लिटरच्या खूप खाली असतील, पण तेल घेणारा कोण हे भावाने लिहून ठेवलेलं बरं. कारण हे तेल गोळा करणाऱ्याचा खरा स्पर्धक बायोडिझेलवाला नसतो. रात्री दहाला मागच्या दाराशी स्कूटर लावून डबा उचलणारा गाडेवाला असतो. तो रोख देतो, माझ्यापेक्षा चार पैसे जास्त देतो, आणि दुसऱ्या दिवशी तेच तेल तुमच्या-माझ्या भज्यांत येतं. मला या धंद्यात टिकवून ठेवलंय ते इंधनाने कमी आणि या रागाने जास्त.

शेजाऱ्यांना इंधन विकायचा विचार असेल तर तो सोडा. वाहनासाठी बायोडिझेल विकायचं तर आयएस १५६०७ या मानकाला उतरावं लागतं आणि त्याचे नियम वेगळे आहेत. स्वतःच्या जीपमध्ये घालायचं तर आधी रबरी नळ्या बदला, बायोडिझेल जुनं रबर खातं. टाकीच्या तळाची वर्षानुवर्षांची घाणही ते सोडवून आणतं, म्हणून सुरुवातीला दोन फिल्टर जास्तीचे जवळ ठेवा. विमा आणि परवानग्यांचं आरटीओत विचारून घ्या.

माझं ऐकाल तर या मोसमात पिंप, पंप काही घेऊ नका. भावाच्या शॅकला झाकणाचा एक डबा द्या, सावलीत, पागोळीपासून लांब. भरला की दोन चमचे तेल छोट्या कढईत घेऊन गॅसवर ठेवा, जरा दूर उभे राहा. फोडणीसारखं तडतडलं तर पाणी आहे. अशा पाच डब्यांपैकी किती गप्प बसतात ते मला इथेच खाली कळवा, मग पुढचं बोलू.