वाचकांचे प्रश्न : डॉक्युमेंटेशनचे काम कुठून सुरू करावे?

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पात काम करण्याची इच्छा आहे, परंतु मोठ्या प्रकल्पाचा कोड वाचू लागलो की काहीच हाती लागत नाही. डॉक्युमेंटेशनपासून, म्हणजे वापरणाऱ्यांसाठी लिहिलेल्या माहितीपासून सुरुवात कर, असे वरच्या वर्गातील विद्यार्थी सांगतात. पण पायथनसारख्या जुन्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनमध्ये माझ्यासारख्या नवख्याने भर घालावी असे काय उरले असणार? नुसत्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या तर ते योगदान धरतात का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : उरलेले पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे नवख्यालाच दिसते. एखादे फंक्शन वर्षानुवर्षे वापरणाऱ्याला त्याच्या पानावर काय सांगायचे राहून गेले आहे हे जाणवत नाही, कारण राहिलेला भाग त्याच्या डोक्यात आधीपासूनच असतो. पायथनच्या राउंड या फंक्शनची माहिती वाचून पाहा. २.६७५ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड केली, तर २.६८ ऐवजी २.६७ हे उत्तर येते; ही चूक नसून बहुतेक दशांश अपूर्णांक संगणकाला अचूक साठवता येत नाहीत त्याचा हा परिणाम आहे, असे तिथे वेगळ्या टिपेत स्पष्ट सांगितलेले आहे. फंक्शनची व्याख्या या टिपेवाचूनही पूर्ण झाली असती. उत्तर पाहून ज्याला पायथनच चुकते आहे अशी शंका येईल त्याच्यासाठी ती टीप आहे, आणि अशी शंका कोणत्या ओळीपाशी येते हे दाखवून देणारा वाचक प्रकल्पाला हवाच असतो.

म्हणून ‘मला काहीतरी काम द्या’ असे विचारत बसण्यापेक्षा, अभ्यास करताना आपण स्वतः जिथे अडलात ती जागा लिहून ठेवावी. तिथले उदाहरण पायथनच्या चालू आवृत्तीत चालवून पाहावे, कारण पुष्कळदा पान बरोबर असते आणि आपल्या संगणकावरची आवृत्तीच जुनी असते. त्याच मुद्द्यावर आधी कोणी इश्यू (चुकीची किंवा सूचनेची नोंद) नोंदवला आहे का, हेही शोधावे. जुन्या इश्यूंमधल्या चर्चा वाचल्या की एखादे वाक्य आज आहे तसे का आहे हे कळते, आणि ते बदलण्याचा आपला उत्साह कधी कधी तिथेच ओसरतो. तेही बरेच असते.

प्रत्यक्ष कामाची रीत अवघड नाही. हे डॉक्युमेंटेशन कोडच्याच रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या सगळ्या फायलींच्या साठ्यात) ‘डॉक’ नावाच्या फोल्डरमध्ये असते आणि ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या पद्धतीने साध्या मजकुराच्या फायलींत लिहितात. त्यापासून वेबपाने तयार करणारे स्फिंक्स हे साधन मुळात पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठीच घडवले गेले, २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे कितीतरी प्रकल्पांनी ते उचलले. एखाददुसऱ्या शब्दाची दुरुस्ती गिटहबवर (जिथे हा साठा ठेवलेला असतो त्या संकेतस्थळावर) ब्राउझरमधूनच करता येते आणि तिच्यासाठी वेगळा इश्यू उघडावा लागत नाही. परिच्छेद बदलायचा असेल, तर मात्र आधी इश्यूमध्ये मुद्दा मांडावा, रिपॉझिटरी उतरवून घ्यावी आणि स्फिंक्स चालवून तयार झालेले पान डोळ्यांखालून घालावे. एखादी रिकामी ओळ सुटली तरी यादीची मांडणी मोडते आणि मूळ मजकुरात ते लक्षात येत नाही. पहिल्या पुल रिक्वेस्टच्या (आपला बदल स्वीकारावा अशा विनंतीच्या) वेळी योगदानकर्त्याच्या परवाना करारावर सही मागितली जाते. ती औपचारिकता दोन मिनिटांची आहे, परंतु तिच्यावाचून बदल स्वीकारला जात नाही.

शुद्धलेखनाची दुरुस्तीही योगदानच आहे. फक्त ती वाचता वाचता सापडलेली असावी, मोजणी वाढवण्यासाठी हुडकून काढलेली नसावी. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या मुक्तस्रोत योगदानाला उत्तेजन देणाऱ्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टच्या बदल्यात टी-शर्ट मिळत होता, तेव्हा प्रकल्पांची ओळख देणाऱ्या रीडमी फायलींत निरर्थक शब्द घुसडणाऱ्या विनंत्यांचा असा पूर लोटला की, प्रकल्पाने स्वतः संमती दिली तरच त्याच्याकडच्या विनंत्या धरायच्या, असा नियम आयोजकांना महिन्याच्या पहिल्या काही दिवसांतच करावा लागला. अशी प्रत्येक विनंती कोणीतरी स्वतःच्या फावल्या वेळात वाचून बंद करत असतो. चॅटबॉटकडून लिहून घेतलेले, स्वतः पडताळून न पाहिलेले परिच्छेद पाठवणे मी याच रांगेत बसवतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. घरी लिबरऑफिस हे मुक्तस्रोत ऑफिस सॉफ्टवेअर वापरते. प्रोग्रॅमिंग मुळीच येत नाही, पण लिहिण्याची आणि तपासण्याची सवय आहे. माझा काही उपयोग होईल का?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : आपला उपयोग पहिल्या दिवसापासून होईल. लिबरऑफिसची मार्गदर्शक पुस्तके त्याच्याच रायटर या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये, ठरावीक टेम्प्लेटवर लिहिली जातात. आपल्याला नवे साधन शिकावे लागणार नाही. नवी आवृत्ती आली की जुनी प्रकरणे सुधारावी लागतात. एक प्रकरण मागून घ्यावे, त्यातील प्रत्येक पायरी नव्या आवृत्तीत स्वतः करून पाहावी, आणि मेनूचे नाव किंवा खिडकीचे चित्र बदलले असेल तिथे दुरुस्ती सुचवावी. दुसऱ्या कोणाचे प्रकरण तपासून देणे हेही काम तितकेच लागते, आणि वह्या तपासलेल्या माणसाला ते विशेष जमते. या पुस्तकांत आजच्या आणि आधीच्या आवृत्त्यांवर काम केलेल्यांची नावे छापलेली असतात.

ही पुस्तके इंग्रजीत आहेत. मराठीतूनच काम करायचे असेल, तर लिबरऑफिसच्या मदतपानांचे भाषांतर वेबलेट या ऑनलाइन साधनावर ब्राउझरमधून करता येते. दोन पथ्ये मात्र कडक पाळावीत. टक्केचिन्हाने सुरू होणारे शब्द आणि कोनी कंसांतील खुणा जशाच्या तशा ठेवाव्यात. आणि मेनूचे नाव मदतपानात आले असेल, तर ते पडद्यावर मराठीत ज्या शब्दांत दिसते त्याच शब्दांत लिहावे, मग तो शब्द आपल्याला रुचो वा न रुचो. तो बदलावासा वाटला, तर आधी मेनूच्या भाषांतरात सूचना करावी आणि ती मान्य झाल्यावरच मदतपानाला हात लावावा.