लहानपण अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्याशेजारी गेलं, एक्स-रे नॉर्मल आहे. आता कॅन्सरची भीती बाळगावी का?

तुम्ही लिहिलंय की पंधराव्या वर्षापर्यंत कारखान्याच्या भिंतीलगत राहत होतात, घरातलं कुणी तिथे कामाला नव्हतं, धूळही फारशी दिसायची नाही. कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली. दिवसाला चार-पाच सिगारेटी चालू आहेत.

मी डॉक्टर नाही. अ‍ॅस्बेस्टॉस हे बारीक तंतूंचं खनिज, आणि हवेच्या नमुन्यातले त्याचे तंतू मोजणं हे माझं बरीच वर्षं काम होतं. हवा ज्यातून ओढली त्या फिल्टरचा तुकडा अ‍ॅसिटोनच्या वाफेवर धरला की काचेसारखा आरपार होतो, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तंतू मोजत बसायचं. पाच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असेल तोच धरायचा. फार बारीक असलेले तर त्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. त्यामुळे ‘धूळ दिसायची नाही’ यावर मी फारसा विसंबत नाही. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बरीचशी नाका-घशातच अडकते, फुप्फुसात खोल जाते ती न दिसणारी.

‘आम्ही कामाला नव्हतो’ हा दिलासाही १९६५ सालीच संपला. लंडनमध्ये मेसोथेलिओमाच्या (फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर) रुग्णांचे जुने पत्ते तपासले गेले. ज्यांचा ना कामातून संबंध, ना घरातल्या कामगारामुळे, अशा ३६ जणांपैकी ११ जण अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले निघाले. जपानमधल्या अमागासाकीत २००५ साली हेच उघडकीला आलं. तिथल्या कारखान्यात १९५७ ते १९७५ निळं अ‍ॅस्बेस्टॉस वापरात होतं, ते पांढऱ्या प्रकारापेक्षा मेसोथेलिओमाच्या बाबतीत जास्त घातक. अर्थात पांढरंही कॅन्सरकारकच.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात आर्मली भागात जून हॅनकॉक ही मुलगी अशाच कारखान्याच्या आसपास धुळीत खेळत मोठी झाली. कारखाना १९५०च्या दशकाअखेरीस बंद पडला, तिचं निदान झालं १९९०च्या दशकात. आई त्याच आजाराने आधीच गेली होती. १९९५ साली कोर्टात ती खटला जिंकली. मेसोथेलिओमाला सहसा वीस ते पन्नास वर्षं लागतात, म्हणून तुमच्या वीस वर्षांवरून अजून काहीच ठरत नाही.

आता दुसरी बाजू, कारण अशा गोष्टी वाचून माणूस उगाच रात्र जागून काढतो. हा आजार मुळात इतका दुर्मीळ की धोका कित्येक पटींनी वाढला तरी शेजारी राहिलेल्या बहुतेकांना तो होत नाही. कुठल्या प्रकारचं अ‍ॅस्बेस्टॉस, किती अंतर, किती वर्षं, यावर सगळं अवलंबून.

नॉर्मल एक्स-रे म्हणजे आज काही दिसत नाही, इतकंच. दरवर्षी हौसेने सीटी स्कॅन काढून मेसोथेलिओमापासून जीव वाचतो, असं सिद्ध झालेलं नाही. सिगारेट मात्र आजच सोडा. मेसोथेलिओमाशी तिचा संबंध नाही, पण अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिगारेट एकत्र आले की फुप्फुसाच्या नेहमीच्या कॅन्सरचा धोका भलताच वाढतो, आणि तुमच्या हातात असलेली एवढीच एक गोष्ट आहे.

धाप लागायला लागली, छातीत एका बाजूला दुखत राहिलं किंवा खोकला हटेना, तर थांबू नका. डॉक्टर ‘काम काय करता?’ एवढंच विचारतील. तुम्ही स्वतःहून जुना पत्ता सांगा: भिंतीपासून किती मीटर आणि कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत.