घरी आल्यावरच रडू का येतं?

"रक्तपेशींचे काउंट वर आले, घरी सोडलं, सगळे म्हणतात सुटलीस. मग मला रडू का येतं?" बोनमॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांट झालेल्यांकडून हा प्रश्न मी समुपदेशनात नेहमी ऐकते.

सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, आपण त्यांना काकू म्हणू. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी त्यांच्याच स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) काढून, जबर किमो देऊन, त्या परत चढवल्या होत्या. आयसोलेशनमध्ये तोंड सोललेलं, घास गिळवत नव्हता, केस गेले. तरी नर्सशी थट्टामस्करी चालू. घरी आल्या आणि खचल्या. गणपतीचे दिवस. दर्शनाला माणसं यायची, तेव्हा काकू आतल्या खोलीत दार लावून. रात्री सारखा थर्मामीटर.

मला नवल वाटलं नाही. वॉर्डात ताप, रक्त, सगळ्यावर इतरांची नजर असते. घरी ती राखण एकटीवर येते. आणि वॉर्डात आजचा दिवस काढण्यातच जीव गुंतलेला असतो. घाबरायला सवड घरी मिळते.

काकूंची खरी धास्ती मात्र दुसऱ्या भेटीत बाहेर आली. "मी रडत राहिले तर आजार उलटेल ना? पॉझिटिव्ह राहायला सांगतात सगळे." हा सल्ला मला खटकतो. देणाऱ्याची माया खरी, पण उद्या काही बिघडलं तर दोष पेशंटच्या माथी! मी स्पष्ट सांगितलं, रडण्याने आजार परत येत नाही. त्यावर त्या पुन्हा रडल्या. काका गडबडले, मी रडू दिलं.

थर्मामीटरचं त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवलं: दिवसातून दोनदा, शिवाय थंडी वाजली किंवा अंग तापलं तर लगेच. १००.४ फॅरनहाइट दिसलं की सकाळची वाट न पाहता हॉस्पिटलला फोन. कागद फ्रिजवर लागला. दोन रात्री त्यांनी नियम मोडला, मग झोप लागू लागली.

अशा वेळी मी गोळ्यांची यादीही मागते. स्टेरॉइड चालू असेल तर झोप उडते, चिडचिड होते. ते डॉक्टरांच्या कानावर घालावं, गोळी आपल्या मनाने बंद करू नये. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जगणं नकोसं वाटलं तर त्याच दिवशी.

काकांना मी स्वतंत्र वेळ दिली. "मला काय झालंय?" म्हणत आले आणि तासभर बिलांबद्दलच बोलले.