सीतादहीच्या आधी ये

प्रिय बाबू,

तुझी पटकथा वाचली. दुपारी वाचली आणि रात्री जेवण झाल्यावर पुन्हा वाचली. लिहितोस चांगलं. पण सोबतचा बजेटचा कागद पाहून हसू आलं. एकूण 3 लाख, त्यातले सव्वा लाख कॅमेऱ्याच्या भाड्याला आणि जेवणाला 9 हजार. चौदा माणसं, बारा दिवस. भागाकार करून पाहा, माणशी दिवसाला 54 रुपयेही येत नाहीत. तेवढ्यात दोन वेळचं वरण-पोळी नि चहा होत नाही, आणि फुकट काम करणारा माणूस उपाशी राहिला की तिसऱ्या दिवशी त्याच्या मामाचं लग्न निघतं.

बजेट नंतर कर. आधी तुझ्या गावचं वर्षाचं वेळापत्रक काढ.

आमचा पहिला सिनेमा आम्ही नोव्हेंबरात सुरू केला. कापसाचं पांढरं शेत, त्यातून चालत येणारी नायिका, अर्धा सीन झाला आणि पैसे संपले. जमवाजमव करून फेब्रुवारीत परत आलो, तर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून बांधावर रचलेली. शेतमालकीण ओट्यावर बसून तूर पाखडत होती. मी तोंड पाडून उभा. ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या शिनेमासाठी कापूस झाडावर ठेवू काय? पाणी आलं अन् बोंडं भिजली तं भाव तुम्ही देसान काय?"

पैसे संपल्यावर मोसम निघून जातो, हे सत्यजित राय यांनाही चुकलं नाही. 'पथेर पांचाली'मधला काशफुलांचा सीन अर्धा झाल्यावर काही दिवसांनी ते परत गेले, तर फुलं गुरांनी खाऊन टाकलेली. पुन्हा फुलं येईपर्यंत थांबावं लागलं. राय यांची चिकाटी माझ्यात नव्हती. मी तो सीन उचलून त्याच बाईच्या घरात नेला.

भाव चढेल म्हणून तिने कापूस विकला नव्हता. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली, मधे बाजेपुरती जागा. नायिका त्या बाजेवर बसून बोलली आणि हेडफोन लावलेला आमचा पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. घुमणं नाही, रस्त्यावरचा ऑटो नाही, नुसता तिचा श्वास. कापसाने सगळा आवाज पिऊन टाकला होता. शहरात स्टुडिओवाले भिंतींना जे मढवतात, ते इथे घराघरात पडलेलं असतं. अंगाला खाज सुटते, ती सोसायची. आणि त्या खोलीत हॅलोजन चुकूनही नेऊ नको, एक ठिणगी पडली तर त्या घरचं वर्ष जळेल. एलईडी पुरतो. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या 1/50 वर ठेव, आपली वीज 50 हर्ट्झची आहे, म्हणजे घरातले बल्ब फ्लिकर करणार नाहीत.

म्हणून म्हणतो, कॅमेरा साधा घे. हातातला मोबाइलही चालेल. वाचलेले पैसे चांगल्या माइकला आणि तो धरणाऱ्या माणसाला दे. अंधुक चित्र लोक पाहून घेतात, पण संवाद कळला नाही की उठतात. शेतातले संवाद घेण्याआधी थ्री फेजची लाइन, म्हणजे पाण्याच्या मोटारींची वीज, कधी येते ते लाइनमनला विचार. दिवसाची पाळी असेल तर चारही बाजूंनी मोटारी घरघरतात, आणि ती घरघर नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसाचे सीन लाव.

आता तुझी खरी अडचण. बापाच्या भूमिकेला तुला झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांतला, नट हवाय. निवड उत्तम आहे. पण वडशाच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम दिवाळीनंतर लागतो, मग तो गडी रात्रभर रंगमंचावर आणि दिवसभर झोपेत. तुझं कापसाचं शेत दसऱ्याच्या सुमारास पांढरं व्हायला लागतं. दोन्ही हवं असेल तर दसरा ते दिवाळी एवढीच फट आहे, आणि त्यातच सोयाबीनची काढणी. गावात रिकामा माणूस मिळणार नाही, थ्रेशरही चालू असतील. गर्दीचे सीन काढून टाक. बाप आणि मुलगी, दोघंच ठेव. तसंही तुझी गोष्ट त्या दोघांचीच आहे, सरपंच उगाच घुसलाय. नटाला माइकच्या अगदी जवळ बसव. मागच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची त्याची सवय दोन दिवसांत उतरते.

मे महिन्यात शूटिंग करायचा विचारही नको. पारा 45 च्या वर जातो, मोबाइल तापून बंद पडतो, माणसंही. परवानगी सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकाची लेखी घे. आमच्या वेळी धाकट्या भावाने होकार दिला आणि थोरला काठी घेऊन आला. रोजचं शूटिंग त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर उतरव आणि त्या वेगवेगळ्या घरी ठेव. रेकॉर्डिंग 100 एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिटचं, असेल तर तासाला 45 जीबी होतात, त्या हिशेबाने डिस्क घे.

जेवणाचा आकडा बदलून कागद पुन्हा पाठव. आणि तुमच्या शेतात यंदा सीतादही, कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, कधी करणार, ते आईला विचारून कळव. त्याच्या दोन दिवस आधी मी येतो, माइक माझा आणतो.

तुझा,
काका