सरळ केसांचा आग्रह

प्रश्न : माझ्या मुलीचे केस तिच्या आजीसारखे दाट आणि कुरळे आहेत. पुढच्या महिन्यात घरात लग्न असल्याने ते पार्लरमध्ये सरळ करून घे, असे मी सुचवले, तर ती म्हणाली, ‘‘आई, अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांना केसांसाठी कायदा करून घ्यावा लागला आणि तू मला पार्लरमध्ये पाठवतेस?’’ केसांसाठी खरोखरच कायदा लागतो का?
— एक वाचक, मुरूड

उत्तर : तिथे लागला. केसांचा नैसर्गिक पोत किंवा बारीक वेण्यांसारखी रचना एवढ्याच कारणावरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करण्यास मनाई करणारा ‘क्राउन’ कायदा २०१९ मध्ये प्रथम कॅलिफोर्नियाने केला आणि नंतर इतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले.

यामागचा इतिहास मोठा आहे. आज अमेरिकेचे राज्य असलेले लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना, १७८६ मध्ये, तेथील गव्हर्नर मिरो याने गुलामगिरीतून मुक्त असलेल्या कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय स्त्रियांनी केस रुमालाखाली बांधावेत, असा हुकूम काढला. त्या स्त्रियांनी मात्र असे रंगीत, उंची रुमाल इतक्या डौलाने बांधले की कमीपणाची ती खूणच शोभेची झाली. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात माणसाचा वंश ठरवण्यासाठी केसांत पेन्सिल खुपसून पाहत असत आणि ती खाली पडली नाही तर तो माणूस गोऱ्यांत धरला जात नसे. केसांवरून माणसाची जागा ठरू लागली की केस बदलण्याचा खटाटोप हौसेपुरता राहत नाही. म्हणूनच कित्येक जणींनी चुलीवर तापवलेला लोखंडी कंगवा डोक्यावरून फिरवला, तर कित्येक जणींनी साबण करायला वापरतात त्याच कॉस्टिक सोड्याची क्रीम टाळू भाजण्याचा धोका पत्करून लावली. १९६० च्या दशकात केस मोकळे वाढवणे ही त्यांच्या स्वाभिमानाची उघड घोषणा ठरली आणि २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेची झोझिबिनी तुंझी आपल्या आखूड, नैसर्गिक केसांनिशी विश्वसुंदरी झाली.

यात आपलाही एक धागा आहे. तिरुपतीला भक्तांनी वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो आणि भारतातून परदेशी जाणाऱ्या केसांची गंगावने व टोप कृष्णवर्णीय स्त्रियाही वापरतात. आणि ज्या जंजिऱ्याकडे पर्यटकांना आपण अभिमानाने बोट दाखवतो, त्याच्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतूनच आले होते, हे मुरूडकरांना मी काय सांगावे!

तुमच्या मुलीला केसांपायी कोणी नोकरी नाकारलेली नाही, तेव्हा तिची तुलना थोडी ताणलेली आहे, हे मान्य. तरीही सरळ केस म्हणजे नीटनेटके आणि कुरळे म्हणजे विस्कटलेले, ही समजूत आपल्या घरांतही आहे आणि तिला नेमका त्याचाच राग आला असावा.

कुरळे केस कोरडे पडतात, कारण टाळूचे तेल वळणांवरून टोकापर्यंत सहज पोहोचत नाही. आपल्या दमट हवेत तर ते फुगतातच. न्हाण्याआधी खोबरेल तेल चोळावे आणि केस ओले असतानाच रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर विंचरत जावे. केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, म्हणून तिकडे न गेलेलेच बरे. लग्नाच्या दिवशी तिने अंबाडा घालून अबोलीचा वळेसर माळला, तर तो कुरळ्या केसांत अधिक घट्ट बसेल.