तेच तेच विचार उगाळणारा मेंदू: पीएचडीचा प्रश्न कसा बांधावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए. मानसशास्त्र झालंय, तेच तेच नकारात्मक विचार डोक्यात फिरत राहतात तेव्हा मेंदूत काय घडतं यावर पीएचडी करायची आहे, आणि सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क आणि रुमिनेशन (तेच विचार उगाळत राहणं) यांचा संबंध’ असं लिहिलंय. एवढं पुरेल का?

विषय जरूर घ्या. पण या एका ओळीवर सिनॉप्सिस देऊ नका. संबंध सापडला म्हणजे यंत्रणा कळली असं होत नाही, आणि तुम्हाला तर यंत्रणाच शोधायची आहे.

माणूस विशेष काही काम करत नसतो तेव्हाही मेंदूतले काही भाग एकत्रितपणे सक्रिय असतात, हे मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राइकल आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये मांडलं. या भागांचं जाळं म्हणजेच डिफॉल्ट मोड नेटवर्क. स्वतःबद्दलचे विचार, जुन्या आठवणी, उद्याची चिंता यांत हेच भाग गुंतलेले दिसतात. त्यामुळे रुमिनेशनचं मूळ इथेच असावं असं वाटणं साहजिक आहे. नैराश्यात या जाळ्याची जोडणी, म्हणजे त्यातल्या भागांनी एकत्र सक्रिय होणं, वाढलेली असते, असं बऱ्याच छोट्या अभ्यासांनी सांगितलंही. पुढे २०१९मध्ये चीनमधल्या अनेक केंद्रांनी मिळून नैराश्याच्या १,३०० रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन एकत्र तपासले. त्यात वारंवार नैराश्य येणाऱ्या रुग्णांमध्ये ही जोडणी उलट कमी दिसली, आणि त्याचा संबंध औषधं चालू असण्याशी निघाला. म्हणून चाळीस-पन्नास माणसांचे स्कॅन आणि एक प्रश्नावली घेऊन सहसंबंध काढण्यात चार-पाच वर्षं घालवू नका. अशा सहसंबंधांचे निष्कर्ष टिकायला हजारो माणसं लागतात, हे २०२२मध्ये ‘नेचर’मधल्या मोठ्या विश्लेषणातून पुढे आलंच आहे.

मग थोड्या माणसांवर काय करता येईल? इथे मला मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांचं काम फार मोलाचं वाटतं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या: उदास वाटलं की तुम्ही काय करता, त्याच विचारात बुडता की दुसऱ्या कशात मन घालता? त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ला, तिथे लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठलं. आधीपासून विचार उगाळण्याची सवय असलेल्यांमध्ये भूकंपानंतर सात आठवड्यांनीही नैराश्याची लक्षणं जास्त होती, आणि आधीची मनःस्थिती हिशेबात घेऊनही हा फरक उरला. स्कॅनर नाही, काही नाही! सवय आधी मोजलेली होती, आघात नंतर आला. या क्रमामुळेच त्या निष्कर्षाला वजन आहे.

तुमच्या प्रयोगातही असा क्रम हवा. एकाच माणसाला एकाच बैठकीत काही वेळ ‘माझ्याच बाबतीत असं का होतं’ अशा विचारात राहायला सांगा, काही वेळ तटस्थ गोष्टींवर लक्ष द्यायला सांगा, आणि फरक तपासा. मानसशास्त्रज्ञ एड वॉटकिन्स यांनी अमूर्त ‘का’ आणि ठोस ‘कसं’ या दोन विचारपद्धतींत जो भेद दाखवला, तोही इथे उपयोगी पडेल. माझा स्वतःचा कल मात्र आणखी एका प्रश्नाकडे आहे: नकारात्मक मजकूर मनात शिरतो म्हणून अडचण होते, की आता नको असलेला मजकूर बाहेर काढता येत नाही म्हणून? योरमान आणि गॉटलिब या संशोधकांनी २००८मध्ये कार्यस्मृतीच्या (हातातल्या कामापुरती माहिती मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या) चाचण्यांतून दाखवलं की नैराश्यातल्या लोकांना गैरलागू झालेले नकारात्मक शब्द बाजूला सारणं जड जातं, आणि ज्यांना ते जास्त जड जातं ते रुमिनेशनही जास्त करतात. ही चाचणी लॅपटॉपवर होते. आधी ती पक्की करा, जमल्यास ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विद्युतलहरी मोजणं) जोडा. स्कॅनरचा वेळ मिळाला तर शेवटी, एका नेमक्या भाकितासाठी वापरा.

प्रश्नावलीकडे तर फारच बारकाईने बघा. बावीस विधानांची जी रुमिनेशन प्रश्नावली सर्रास वापरतात, तिच्यातली बरीच विधानं मुळात नैराश्याची लक्षणंच विचारतात. ती पूर्ण वापरून ‘रुमिनेशन आणि नैराश्य जोडलेले आहेत’ असं लिहिलंत तर परीक्षक लगेच पकडतील. २००३मध्ये ट्रेनर आणि सहकाऱ्यांनी ती विधानं वगळून पाच-पाच विधानांचे दोन भाग वेगळे केले, ते घ्या. किंवा एरिंग यांची पंधरा विधानांची प्रश्नावली घ्या, तिच्यात विचार कशाबद्दल आहे याला महत्त्वच नाही. सहभागी मराठीत विचार करणारे असतील तर मराठी रूप आधी वेगळ्या गटावर तपासून घ्या. हे काम कंटाळवाणं वाटलं तरी प्रबंधातलं एक पूर्ण प्रकरण होऊ शकतं.

शेवटचा मुद्दा नीतिसमितीचा. तुम्ही माणसाला मुद्दाम दुःखद विचारात ढकलणार आहात. बैठकीच्या शेवटी मन हलकं करणारा टप्पा ठेवा, घरी पाठवण्यापूर्वी मनःस्थिती पुन्हा विचारा, आणि कोणी आत्महत्येच्या विचारांवर खूण केली तर त्याच दिवशी कोणता मानसोपचारतज्ज्ञ भेटेल हे लेखी ठरवून ठेवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक माहितीपत्रकावर छापा, पण तज्ज्ञाच्या ऐवजी नाही, त्याच्या जोडीला.

गाइडना भेटाल तेव्हा स्कॅनर आहे का हे आधी विचारू नका. आत्महत्येचा धोका दिसला तर प्रयोगशाळेत काय करतात, ते विचारा.