‘तो काळच तसा होता’ म्हणून रूसोला सोडून द्यायचं का?

तुमचा प्रश्न असा: रूसोसारख्या अठराव्या शतकातल्या युरोपीय विचारवंतांनी ‘माणसं जन्मतः समान’ म्हटलं आणि बायकांना मात्र बाहेर ठेवलं. याचा दोष त्यांना द्यावा की तो काळच तसा होता म्हणावं, आणि दहा मार्कांना काय लिहावं?

दोष द्या. ‘तो काळच तसा होता’ हे मी एकोणीस वर्षांपूर्वी भर वर्गात ऐकून घेतलंय, म्हणून लिहायला बसले.

टी.वाय.ला माझा सेमिनार रूसोवर होता. ‘सामाजिक करार’ सगळ्यांनीच उचललेला, म्हणून मी त्याचा शिक्षणावरचा ‘एमिल’ घेतला. दोन्ही पुस्तकं 1762 ची, काही आठवड्यांच्या अंतराने आलेली. एकात माणूस जन्मतः स्वतंत्र आहे. दुसऱ्याच्या पाचव्या भागात सोफी नावाची मुलगी येते आणि रूसो सांगतो की मुलींचं सगळं शिक्षण पुरुषांना धरूनच असावं: त्यांना आवडावं, त्यांच्या उपयोगी पडावं, लहानपणी त्यांना वाढवावं, मोठेपणी त्यांची काळजी घ्यावी. तेव्हा घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मुलीला पुढे शिकवायचं की नाही ते सासरचे ठरवतील, असं आत्या रोज म्हणायची. ते पान वाचताना मला आत्याचाच आवाज ऐकू येत होता.

मी हे वर्गात मांडलं. सरांनी मध्येच थांबवलं. “बाळ, अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजची फूटपट्टी लावू नये. तेव्हा हा विचार कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.” वर्गाने माना डोलावल्या. वीसपैकी अकरा मार्क पडले. मार्कांचं जाऊ द्या, माझ्याकडे उत्तर नव्हतं हे लागलं.

उत्तर सापडलं एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी. 1790 च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये कॉन्डोर्से या फ्रेंच विचारवंताने बायकांना नागरिकत्वाचे हक्क द्यावेत म्हणून एक छोटा लेख छापला. त्याचा मुद्दा सरळ आहे. माणसाला हक्क कशामुळे मिळतात? त्याला संवेदना आहे, तो बरंवाईट ओळखू शकतो, विचार करू शकतो, यामुळे. हे सगळं बाईतही आहे. मग एकतर कुणालाच हक्क नाहीत, नाहीतर सगळ्यांना सारखेच. बाळंतपणं आणि अधूनमधूनच्या दुखण्यांमुळे बायकांना हक्क झेपणार नाहीत म्हणणाऱ्यांना तो विचारतो, दर हिवाळ्यात ज्यांचे सांधे धरतात, ज्यांना चटकन सर्दी होते, त्या पुरुषांचे हक्क काढून घ्यायचं कधी कुणी सुचवलंय का? हे वाचून मी लायब्ररीत उठून उभी राहिले होते.

झेरॉक्स घेऊन सरांच्या घरी गेले. ते नुकतेच रिटायर झाले होते. पडवीत बसून त्यांनी सगळा लेख वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “रूसो 1778 ला गेला. 1790 चा लेख त्याने कसा वाचावा?” तारखांच्या बाबतीत सर पक्के होते. 1791 मध्ये फ्रेंच लेखिका ऑलिम्प द गूजने फ्रेंच क्रांतीतल्या 1789 च्या माणसाच्या हक्कांच्या सतरा कलमी जाहीरनाम्याला उत्तर म्हणून स्त्रियांच्या हक्कांचा सतरा कलमी जाहीरनामा लिहिला, 1792 मध्ये इंग्लिश लेखिका मेरी वोलस्टोनक्राफ्टने ‘एमिल’चा थेट समाचार घेतला, पण तेही रूसोनंतरचंच. चहा पिऊन मी परत आले.

सर, आता ऐका. फ्रान्स्वा पुलँ द ला बार या माणसाने 1673 मध्ये पॅरिसमध्ये स्त्री-पुरुष समानतेवर अख्खं पुस्तक छापलं. बुद्धीला लिंग नसतं, हे त्याचं म्हणणं. ‘एमिल’च्या तब्बल 89 वर्षं आधी. पुढे तो जिनिव्हाला स्थायिक झाला आणि 1723 मध्ये तिथेच वारला. जिनिव्हा म्हणजे रूसोचं जन्मगाव, आणि रूसो तेव्हा दहा वर्षांचा होता. रूसोने ते पुस्तक वाचलं होतं असं मी म्हणत नाही. पण ‘कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं’ हे साफ चूक आहे. विचार आलेला होता, छापलेला होता, तो पुढे न्यायचा नाही हे लोकांनी ठरवलं.

तेव्हा पेपरात ‘त्या काळाच्या मर्यादा’ हा मथळा देऊ नका. त्या काळाच्याच माणसांची नावं आणि सालं लिहा: 1673, 1790, 1791, 1792. थॉमस पेन लिहिणार असाल तर फुल्यांना जोडून लिहा. पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलेल्या जोतीरावांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’मध्ये नुसतं ‘माणूस’ म्हणून भागवलं नाही, ‘एकंदर सर्व स्त्री-पुरुष’ असं पुन्हा पुन्हा लिहिलं. व्होल्तेर, माँतेस्क्यू यांच्याबद्दल पाठ्यपुस्तकात आहे तेवढं पुरे.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. 1793 च्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या राज्यघटनेचा मसुदा मांडायची वेळ आली तेव्हा याच कॉन्डोर्सेच्या मसुद्यात मताचा हक्क फक्त पुरुषांना होता. फ्रान्समध्ये बायकांना तो मिळायला 1944 उजाडलं. सरांना मी यातलं काहीच सांगितलेलं नाही, पुलँचंही नाही आणि हेही नाही. दिवाळीत गावी जाईन तेव्हा दोन्ही सांगणार आहे.